जुईचा खोकला आणि माझी माळ

त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला जुईला साधी सर्दी झाली. सर्दी आठवड्याभरात गेली, पण खोकला राहिला, आणि तिथून पुढचे अडीच महिने आमच्या घरात कुणालाही स्वस्थता म्हणून मिळाली नाही. जुई माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची, तिसरीत. सत्त्याण्णव साल होतं. आम्ही मूळचे सांगलीकडचे. हे चंदीगडला सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत इंजिनिअर होते आणि तिथे येऊन आम्हाला चार वर्षं झाली होती. जुई घरात माझं मराठी सगळं समजायची, पण उत्तर द्यायची ते हिंदीतच.

खोकला कोरडा होता आणि त्या एवढ्याशा जिवाला न शोभेल इतका मोठा. रिकाम्या पिंपावर काठी मारावी तसा आवाज. सकाळी दात घासताना सुरू व्हायचा आणि मग दिवसभर, दर दहा-पंधरा सेकंदांनी. जेवताना, गृहपाठ करताना, टीव्हीवरचं कार्टून बघताना. मी अडुळसा दिला, ज्येष्ठमध चघळायला लावलं, मधातून आलं-मिरी दिलं. मग डॉक्टर झाले. दोन सिरपं, प्रतिजैविकांचे दोन कोर्स, छातीचा एक्स-रे, क्षयाची चाचणी, दम्याचा पंप. दही बंद केलं, केळं बंद केलं, शेजारच्यांच्या कुत्र्याशी खेळणं बंद केलं. कापसाच्या गाद्या काढून टाकल्या. एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ, ताप नाही, वजन घटत नाही. आणि खोकला जसाच्या तसा. एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटायची. शाळेतून येऊन ती दुपारी तासभर झोपली, तर त्या तासात एकदाही खोकायची नाही. मी शेजारी बसून वाट बघायची. डोळे उघडले, मला बघितलं, की पहिला खोकला यायचा. मला वाटायचं, थकून झोपते बिचारी, म्हणून तेवढा आराम पडत असेल.

डिसेंबरच्या सुरुवातीला शाळेतून बोलावणं आलं. जुईच्या बाई तशा भल्या होत्या, पण त्यांचाही नाइलाज झाला होता. "मिसेस, बाकी बच्चे पढ़ नहीं पाते," त्या म्हणाल्या. त्यांनी जुईचा बाक वर्गाच्या दाराबाहेर व्हरांड्यात ठेवला होता. तिथल्या थंडीत, मफलर गुंडाळून, दारातून फळ्याकडे मान लांब करून बघत बसलेली माझी मुलगी मी पाहिली आणि तिला हाताला धरून घरी घेऊन आले. नाताळच्या सुट्टीपर्यंत तिला शाळेत पाठवलंच नाही.

आमच्या माहेरी दत्ताची उपासना. लग्नात आईने दिलेला दत्ताचा फोटो आणि तुळशीची माळ मी जिथे जाईन तिथे बरोबर नेली होती. गुरुवारचा उपास होताच, आता सोमवार आणि शनिवारही धरले. जुई बरी झाली तर दत्ताच्या वाडीला जाऊन पाद्यपूजा करीन, अकरा गुरुवार मौन पाळीन, वर्षभर गोड खाणार नाही. एका नवसाने काम झालं नाही की दुसरा बोलायची. पहाटे आणि संध्याकाळी माळ घेऊन बसायची. एका संध्याकाळी जप करता करता माझ्या लक्षात आलं, की मी मणी ओढतेय ते नामाबरोबर नाही. आतल्या खोलीतून जुई खोकली की माझा अंगठा एक मणी पुढे जात होता. माळ पुरी झाली तेव्हा माझ्या तोंडात देवाचं नाव नव्हतं, एवढंच डोक्यात होतं की पंचवीस मिनिटांत एकशे आठ झाले. मला स्वतःची शिसारी आली. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं. माझे कान माझ्या ताब्यात राहिले नव्हते. कुकरच्या शिट्टीत, नळाच्या आवाजात, रस्त्यावरच्या भाजीवाल्याच्या हाकेतही मी तो खोकला शोधत असायची. दोन खोकल्यांच्या मधे शांतता पसरली की ती मला जास्त असह्य व्हायची. आता येईल, आता येईल म्हणून मी श्वास रोखून उभी राहायची.

त्यात घरातलं वातावरणही धड नव्हतं. त्या सुमाराला सरकारी नोकऱ्या सोडून लोक खासगीत जायला लागले होते. मोहालीला नव्याने निघालेल्या एका कंपनीने यांना बोलावलं होतं. पगार जास्त, पण मग कायमचं इकडेच राहायचं. मला सांगलीला परत जायचं होतं. तिथे माझी शाळेतली नोकरी सोडून मी आले होते, आणि ते दुःख मी चार वर्षं जपून ठेवलं होतं. भांडण असं नव्हे, पण रोज जेवणाच्या टेबलावर तोच विषय, तीच वाक्यं. जुई मधे बसलेली असायची. ती ऐकते हे आम्हाला सुचलंच नाही. मूल हिंदीत बोलतं म्हणून ते मराठीतलं सगळं सोडून देत असेल, असं काहीतरी आम्ही धरून चाललो होतो.

दत्तजयंतीच्या दिवशी जे घडलं ते लिहायला आजही हात अडखळतो. संध्याकाळी आरती चालू होती. जुईच्या हातात घंटी होती. माझे डोळे मिटलेले. मी काकुळतीला येऊन मनात म्हणत होते, देवा, आज तुझा जन्म, आज तरी. आणि ती खोकली. मग पुन्हा, पुन्हा. मी डोळे उघडले आणि निरांजनासमोर, फोटोसमोर, तिच्या गालावर चापट मारली. "बंद कर! मुद्दाम करतेस!" मी ओरडले. तिने घंटी खाली ठेवली, दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि खोकला आत गिळायचा प्रयत्न केला. डोळ्यांतून पाणी, चेहरा लालबुंद, आणि मग बोटांच्या फटीतून तो बाहेर आलाच. ह्यांनी तिला उचलून आत नेलं. मी प्रसादाचं ताट हातात धरून तशीच उभी राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की तिथे फोटोत कुणी नाही. असलं तरी त्याने माझ्याकडे पाठ फिरवली आहे.

जानेवारीत मोठ्या रुग्णालयात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळे कागद नीट बघितले आणि म्हणाले, कधीकधी मुलं नकळत काहीतरी गिळतात, शेंगदाणा, पेनाचं टोपण, ते श्वासनलिकेत अडकून बसतं आणि एक्स-रेत दिसत नाही. भूल देऊन दुर्बिणीने बघून घेऊ. मंगळवारची तारीख मिळाली. आठ वर्षांच्या पोरीला भूल द्यायची होती.

त्याच्या आदल्या रविवारी आमच्या मराठी मंडळातल्या एका घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. जायची इच्छा नव्हती, पण घरात बसवतही नव्हतं. काळी साडी नेसले, जुईला घेतलं आणि गेले. तिथे दहा-बारा बायका, तिळगूळ, उखाणे. प्रत्येक खोकल्यासरशी माना वळत होत्या. कुणी म्हणालं, दृष्ट काढा. कुणी आपल्या मुलाला हळूच जुईच्या शेजारून उठवलं. मी वाण घेतलं आणि पाच मिनिटांत बाहेर पडले. थोडं चाललो असू, तर पावसाला सुरुवात झाली. तिकडे जानेवारीत पडतो तो पाऊस, बारीक, बर्फासारखा गार. रिक्षा दिसेना. समोर वस्तीतला एक छोटासा गुरुद्वारा होता. मी जुईच्या डोक्यावर माझा पदर धरला आणि आम्ही आत शिरलो.

कीर्तन चालू होतं. आम्ही मागे भिंतीला टेकून बसलो. त्या शांत सुरांत जुईचा खोकला दगडासारखा पडत होता. दोन मिनिटांतच मी तिला घेऊन उठले आणि बाहेर जायला वळले, तर बाजूच्या दारातून एक म्हातारी आली. सत्तरीची असेल. पांढरा सलवार-कमीज, डोक्यावर पांढरी ओढणी, कोपरापर्यंत पीठ. सगळे तिला बीजी म्हणत होते.

"बाहर तो बारिश है, कहां चले?" ती म्हणाली.

"माफ करना जी, मेरी बेटी को," मी सांगायला लागले.

"सुन लिया, बेटा. सारी संगत ने सुन लिया," असं म्हणून ती हसली. त्या हसण्यात चिडवणं नव्हतं, आणि कीवही नव्हती. गेल्या अडीच महिन्यांत जुईच्या खोकल्यावर कीव न करता बोललेलं ते पहिलं माणूस. तिने जुईचा हात धरला. "तेरा नां की है, कुड़िए?"

"जुई."

"रोटी बेलना आती है?"

जुई खोकली, मग मान हलवून नाही म्हणाली.

"तो आज सीख ले."

लंगरच्या स्वयंपाकघरात पाच-सहा बायका मोठ्या तव्याभोवती बसल्या होत्या. बीजीने जुईचे हात धुवून घेतले, तिच्यापुढे पोळपाट-लाटणं ठेवलं आणि कोमट पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवला. "आटे पे खांसना नहीं, यह सब के लिए है. खांसी आए तो पहले पानी का एक घूंट ले. और उसको बोल, ज़रा रुक, मैं यह रोटी बेल लूं, फिर आना."

"वो नहीं रुकती," जुई म्हणाली.

"ना रुके तो ना सही. अगली रोटी पर फिर बोल देना."

मग ती माझ्याकडे वळली. मी दारात उभी होते, डोळे जुईवर. "आप यहां मत खड़े रहो. आप इसको देखते हो, तो यह आपको देखती है. जोड़ों पे जो बैठती है वो चाय पीने गई है. आप वहां बैठ जाओ."

अनोळखी बाई, अनोळखी जागा, आणि आजारी मूल टाकून मी जायचं? पण तिने उत्तराची वाट बघितली नाही, ती पुन्हा परातीकडे वळली. मी गेले. का गेले ते मला आजही सांगता येत नाही. बहुधा मी इतकी दमले होते की कुणीतरी मला नुसतं 'इथे बस' म्हणायची गरज होती.

जोडाघर म्हणजे दाराजवळची चपला-बूट ठेवायची जागा. येणाऱ्याचे बूट घ्यायचे, कप्प्यात ठेवायचे, बिल्ला द्यायचा. पावसामुळे सगळे जोडे चिखलाने भरलेले होते. कोपऱ्यात एक फडकं होतं, बूट पुसायचं. मी आयुष्यात कधी परक्याच्या चपलेला हात लावला नव्हता. हळदीकुंकवाची काळी साडी नेसलेली मी तिथे खाली बसले आणि बूट पुसायला लागले. सुरुवातीला माझे कान स्वयंपाकघरातच होते. एक. दोन. तीन. मग लोक वाढले. एका म्हाताऱ्याचा जाडजूड बूट, ज्याची नाडी तुटली होती. कुणा बाळाच्या बोटभर लांबीच्या चपला. टाचा झिजलेले कॉलेजच्या मुलीचे सँडल. माझी बोटं चिखलात होती, मोजायला मोकळी नव्हती. माळ घरी होती. तरी दत्ताचं नाव आपोआप मनात चालू झालं होतं, कीर्तनाच्या तालावर. किती वेळ ते चालू होतं कोण जाणे. मग अचानक ध्यानात आलं, की मी त्या नावाच्या पुढे काहीच जोडत नाहीये. 'जुईला बरं कर' नाही, 'मंगळवारी सांभाळ' नाही, नवस नाही. नुसतं नाव. दत्तजयंतीला जो मला पाठमोरा वाटला होता, तो कुठेही गेलेला नव्हता, मीच त्याला बोलू देत नव्हते. मला रडू फुटलं. तो तुटक्या नाडीचा म्हातारा आपले बूट घ्यायला आला. त्याने माझ्या रडण्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं, दोन्ही हात जोडले, "वाहेगुरु" म्हणाला आणि गेला.

तास-सव्वा तासाने ती जोडेवाली बाई आली, तेव्हा मी धावतच आत गेले. जुईच्या नाकाला पीठ लागलं होतं. तिच्या पुढ्यात वेड्यावाकड्या पोळ्यांची चळत होती. मी खांबाआड थांबले. तिच्या गळ्यात काहीतरी हललं, खांदे वर आले. तिने पेला उचलला, एक घोट घेतला, डोळे मिटून ओठ हलवले आणि पुन्हा लाटायला लागली. खोकला आलाच नाही असं नव्हे. थोड्या वेळाने आला, पण एकदाच, हलका, खांद्याकडे तोंड वळवून. माझ्या आतली मोजणी लगेच सुरू झाली. आणि तेव्हा मी एक गोष्ट केली, जी त्या अडीच महिन्यांत मला एकदाही जमली नव्हती. मी तोंड फिरवलं आणि बाहेर जाऊन पावसाकडे बघत उभी राहिले.

सगळं त्या दिवशीच संपलं असं मी सांगितलं, तर ते खरं होणार नाही. परतताना रिक्षात ती पंधरा वेळा खोकली, आणि हो, मी मोजलं. घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. ते विज्ञानाचे माणूस, पण त्यांनी ते उडवून लावलं नाही, लगेच मंडळातल्या एका तरुण डॉक्टरांना फोन लावला. ते लातूरकडचे, त्याच मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या विभागात शिकत होते. सोमवारी संध्याकाळी ते घरी आले. अर्धा तास जुईशी क्रिकेटवर गप्पा मारल्या. मग मला विचारलं, "वहिनी, झोपेत खोकते का?"

"नाही. कधीच नाही."

"हा खोटा खोकला नाही, हे आधी समजून घ्या. ती मुद्दाम करत नाही. सर्दीत घसा खवखवला, खोकला लागला, आजार निघून गेला आणि सवय मागे राहिली. मी सरांशी बोलतो." मोठ्या डॉक्टरांनी मंगळवारी तिला पुन्हा तपासलं, झोपेबद्दल विचारलं आणि दुर्बीण महिनाभर पुढे ढकलली. त्यांनी जे करायला सांगितलं, ते बीजीने सांगितलं होतं तेच. घोटभर कोमट पाणी, थोडं थांबणं, मग आणखी थोडं थांबणं. आणि आईवडिलांनी लक्ष न देणं.

हे शेवटचं सर्वांत अवघड होतं. जुईपेक्षा मला अवघड. आम्ही दोघी रोज दुपारी त्या गुरुद्वाऱ्यात जायला लागलो. ती आत, मी जोड्यांपाशी. घरी मात्र ती खोकली की माझी मान दोरी ओढल्यासारखी वळायची. मग मी ठरवलं, की उपास नाही, मौन नाही, हीच माझी उपासना. ती खोकेल, मी भाजी चिरत राहीन. पहिले काही दिवस मी अक्षरशः ओट्याची कड धरून उभी राहायची. एकदा रात्रीचं जेवण चालू असताना तिने विचारलं, "आई, हम लोग सांगली जा रहे हैं? पापा यहीं रहेंगे?" ह्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, की कुणी कुणाला सोडून कुठेही जाणार नाही. पुढे ह्यांनी मोहालीची नोकरी घेतली आणि मीही तिथल्याच एका शाळेत शिकवायला लागले. पण ते ठरायच्या आधी, फक्त ते वाक्य ऐकून, जुई त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवली होती.

एका दुपारी मी तिच्याजवळ बसून दत्तजयंतीच्या चापटीबद्दल माफी मागितली. ती चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "मैं जान-बूझ के नहीं करती थी."

"मला माहीत आहे गं."

"तब नहीं पता था," ती म्हणाली आणि हिरवा खडू शोधायला लागली. इतकी सरळ, रागाशिवाय दिलेली शिक्षा मला पुन्हा कधी मिळाली नाही.

होळीच्या सुमाराला शेजारीण म्हणाली, "जुई की खांसी कब ठीक हुई?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला उत्तर येईना. शेवटचा खोकला कोणत्या दिवशी आला, सकाळी की संध्याकाळी, मला काहीच माहीत नव्हतं. तो माझ्या नकळत गेला होता. त्या न माहीत असण्याएवढा आनंद मला क्वचितच झाला असेल.

मी पेढे घेऊन बीजीकडे गेले. मधल्या काही दिवसांत परीक्षेमुळे आमचं जाणं थांबलं होतं. "बीजी, मेरी बेटी की खांसी चली गई," मी सांगितलं.

"कौन सी खांसी?" तिने चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. मी जुईचं नाव सांगितलं. तिचा चेहरा एकदम उजळला. "ओ, वो कुड़ी! हिंदुस्तान के नक़्शे जैसी रोटियां बेलती थी! उसको लाए नहीं?" खोकला तिच्या लक्षातच राहिला नव्हता. मी घरी येऊन खूप वेळ त्याचा विचार करत बसले. अडीच महिने मला माझ्या मुलीत खोकल्याशिवाय काही दिसलं नव्हतं, आणि ह्या म्हातारीला खोकला सोडून सगळी मुलगी दिसली होती. माझ्या लेकराकडे देव कसा बघत असेल, हे मला त्या दिवशी थोडंसं कळलं.

तो पाऊस पडला नसता तर, हळदीकुंकवातून मी थोडी उशिरा निघाले असते तर, ह्या प्रश्नांच्या मागे मी लागत नाही. डॉक्टर त्याला सवय म्हणतात, ते बरोबर आहे. मी त्याला कृपा म्हणते. दोन्ही एका जागी राहू शकतात, मला त्याची अडचण होत नाही. मला एवढंच कळलं, की मी देवाच्या हातात मूल देत होते आणि स्वतःचा हात मात्र काढून घेत नव्हते. त्या बाईने माझा हात सोडवला आणि त्यात दुसऱ्यांचे बूट दिले. त्या अन्नछत्राला, त्या पीठभरल्या हातांना आणि त्या हातांतून मला सांभाळणाऱ्या माझ्या गुरुमाउलीला मी रोज नमस्कार करते. जुई आता मोठी झाली, तिच्या काळज्या मोठ्या झाल्या, माझा जीव अजूनही घाबरा होतो. अशा वेळी मी फार काही मागत नाही. म्हणते, तू बघतोस ना? मग मी कामाला लागते.